अनशापोटी दोन पानं

आमच्या हॉलमधल्या शोकेसच्या वरच्या कप्प्यात लाखेचा एक हत्ती होता, वक्तृत्व स्पर्धेत मला मिळालेला कप होता आणि या दोघांच्या मधोमध, होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या इवल्याशा बाटलीत, कापसावर ठेवलेला आप्पांचा मुतखडा होता. मी पदरचं काही सांगत नाही. तुरीच्या डाळीएवढा, काळपट, अंगाला बारीक काटे असलेला तो खडा आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं पाहिलेला आहे. पाहुण्यांच्या हातात पोह्यांची बशी आली, त्यांनी पहिला घास घेतला, की आप्पा उठायचे, शोकेसची काच सरकवायचे आणि बाटली त्यांच्यासमोर धरायचे. "हात लावून बघा, धुतलेला आहे," असं वर म्हणायचे. पाहुणे बिचारे लिंबू पिळता पिळता थांबायचे. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी असायचे आणि हातातली दुसरी बशी तशीच परत आत न्यायचे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला बापाची लाज वाटते ती बहुतेक त्याच्या कपड्यांवरून किंवा बोलण्यावरून. मला ती त्यांच्या लघवीवरून वाटत होती.

आप्पा नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये होते. छापून आलेल्या कागदांवरच्या चुका शोधणं हे त्यांचं काम. दिवसभर भिंग घेऊन रेघा बघायच्या आणि एखादी तुटकी, फिकट रेघ सापडली की तो कागद बाजूला काढायचा. घरी येऊन ते कामाबद्दल चकार शब्द काढत नसत. प्रेसवाल्यांच्या घरात ही रीतच होती, आत काय चालतं ते आत राहायचं, बायकोनंही विचारायचं नाही. त्यामुळे चारचौघांत बोलायला त्यांच्याकडे फारसं काही उरत नसे. दोन वर्षं कळांनी गडाबडा लोळल्यावर, ऑपरेशनची तारीख ठरायच्या बेतात असताना, पेठकडच्या एका सहकाऱ्यानं त्यांना पानफुटीची एक फांदी आणून दिली. रोज सकाळी अनशापोटी दोन पानं चावून खायची, थुंकायचं नाही. दीड महिन्यानंतर एका सकाळी आप्पा संडासातून विजयी मुद्रेनं बाहेर आले. सहकाऱ्यानं सांगितल्याप्रमाणे ते पत्र्याचा डबा वापरत होते आणि त्यात टण असा आवाज झाला होता. हा आवाजही ते पाहुण्यांना करून दाखवायचे, चमच्यानं बशीच्या काठावर मारून.

पानफुटी ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते. हाताला जाड, रसानं भरलेली पानं, कडेला खाचा. पान तुटून पडलं तरी मरत नाही, त्याच्या खाचाखाचांतून कोंब फुटतात. तेलाच्या डब्यात लावलेल्या त्या एका फांदीचे आमच्या गॅलरीत बघता बघता नऊ डबे झाले. मोरीच्या कोपऱ्यात पडलेलं पान तिथेच रुजलं, खिडकीच्या फटीत एक रुजलं, एकदा तर साबणाच्या डबीखाली फुटलेले कोंब माझ्या बोटाला लागले आणि मी ओरडले. आप्पांना यात चमत्कार दिसायचा. "हिला मरण नाही," ते म्हणायचे. मला शिसारी यायची. चव म्हणाल तर सकाळी आंबट, दुपारी बेचव, आणि दोन्ही वेळेला बुळबुळीत. रविवारी आप्पा आम्हालाही पान खायला लावायचे, खडा होऊ नये म्हणून. मी ते गालात धरून मोरीत जायचे आणि नळ सोडून थुंकायचे. आईनं त्यातल्या त्यात सोय म्हणून पानांची भजी करायला घेतली. बेसन, ओवा, तिखट, सगळं घालूनही आतलं पान तोंडात घसरायचंच.

खडा पडल्याची बातमी कॉलनीभर झाली आणि आमच्या घराचा दवाखाना झाला. आप्पांची दुपारची पाळी असली की सकाळी सातच्या भोंग्यापासून अकरापर्यंत दरबार भरायचा. येणाऱ्याला आप्पा लाकडी खुर्चीत बसवायचे, सगळी हकीकत ऐकून घ्यायचे, मग गॅलरीतून दोन पानं तोडून, धुऊन हातावर ठेवायचे. पैशाला हात लावायचे नाहीत, त्याचा त्यांना फार अभिमान. पण ऐकायला लागायचं ते मलाही. आमचं घर दोन खोल्यांचं, मी पलीकडे फिजिक्स घेऊन बसलेले. निफाडकडच्या निकमकाकू आमच्या समोर राहायच्या, त्यांचा आवाज दणदणीत. "आप्पा, जळजळ जरा कमी हाय आज, पण रंग काय सुधरत नाय. लालच हाय. चहावाणी." आप्पा विचारायचे, "फेस येतो का?" काकू विचार करून सांगायच्या, "कालच्यापेक्षा कमी." आणि इकडे आई मला चहाचा कप आणून द्यायची. मी तो कप कित्येकदा तसाच बेसिनमध्ये ओतला आहे. बारावीचं वर्ष मी अशा रीतीनं काढलं.

या सगळ्यात एक स्वच्छ गोष्ट होती ती जिमी. रेल्वेतले एक साहेब बदली होऊन भुसावळला गेले तेव्हा त्यांनी हा पांढरा पामेरियन आमच्याकडे सोडला, नावासकट. तो आला तेव्हा मी तिसरीत होते. आईनं पहिले दोन महिने त्याला 'ते कुत्रं' म्हटलं आणि नंतर त्याच्यासाठी वरणभातावर वेगळं तूप घालायला लागली. शिलाई मशीनखाली त्याची जागा. रेल्वेचा भोंगा वाजला तर तो मान वर करायचा नाही, प्रेसचा वाजला की उठून दारात जाऊन बसायचा, आप्पा येणार म्हणून. खाण्याच्या बाबतीत मात्र तो माझा होता. आईनं ताटलीत घातलेलं तो हुंगून बघायचा, मी हातानं दिलेलं न बघता गिळायचा. मी अभ्यास करताना बिस्किटाचे तुकडे खाली सोडत असायचे आणि तो वर न बघता झेलायचा. नऊ वर्षांत त्यानं माझ्या हातातल्या एकाही वस्तूला नाक लावून खात्री केली नाही.

परवा माझ्या भाचीचा फोन आला. ती पाथर्डी फाट्याला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेली आहे, लॅब्रेडॉरचं पिल्लू आणलंय आणि आता खिडकीत ठेवायला सक्युलंट की काय म्हणतात त्या झाडांची कुंडी कुणीतरी भेट दिली आहे. "मावशी, तुझ्याकडे एवढी झाडं आहेत म्हणून विचारते, ही जाड पानांची झाडं कुत्र्याला चालतात का गं?" मी तिला, कुठली जात आहे, पानं कशी आहेत, काही न विचारता सांगितलं की आत्ताच्या आत्ता बाहेर ठेव आणि उद्या जनावरांच्या डॉक्टरला फोटो दाखव. माझा आवाज चढला असावा, कारण ती घाईघाईनं "बरं, बरं, लगेच ठेवते बाहेर" म्हणाली. नंतर तिनं दाखवून घेतलं. ती जात निरुपद्रवी निघाली, सगळ्या जाड पानांची झाडं वाईट नसतात. पण तिनं विचारलेला प्रश्न मी एकदा विचारलेला होता, जवळजवळ त्याच शब्दांत, आणि मला मिळालेलं उत्तर मी निमूटपणे मान्य केलं होतं. तेच लिहायला बसले आहे.

बारावीच्या त्या हिवाळ्यात जिमीला लघवीचा त्रास सुरू झाला. खांबापाशी जाऊन तंगडी वर करायचा, बराच वेळ तसाच उभा राहायचा, दोन थेंब पडायचे, मग पुढच्या खांबापाशी पुन्हा तेच. घरी आला की स्वतःला चाटत बसायचा. मी म्हटलं, जनावरांच्या दवाखान्यात दाखवू. आप्पांनी त्याला उताणा केला, बेंबीखाली दोन बोटांनी दाबून बघितलं, जिमी कुईं करून आक्रसला. आप्पांचा चेहरा उजळला. मला तो चेहरा अजून दिसतो. घरातलं कुत्रं कळवळतंय आणि यांच्या डोळ्यांत आनंद.

"खडा आहे," ते म्हणाले.

"आप्पा, पण डॉक्टरला..."

"तिथं गाई-म्हशींना बघतात. याचं काय समजणार त्यांना? पोटात खडा आहे, मला हाताला लागला."

"पानफुटी कुत्र्याला चालते का पण?"

"माणसाला चालते ती कुत्र्याला न चालायला काय झालं?" आप्पा म्हणाले. "झाडपाला आहे तो. नाही गुण आला तर अपाय तरी नाही."

खरं सांगायचं तर याला उत्तर मी शोधलंही नाही. घरात एवढ्या लोकांना गुण आला असं ऐकत मी वाढले होते. आणि वाद घातला की दोन दिवस अबोला धरणारा माणूस होता तो, परीक्षा तोंडावर आलेली.

पहिल्या दिवशी एक पान. आईच्या खलबत्त्यात आप्पांनी स्वतः कुटलं, गुळाच्या खड्याबरोबर, आणि तो हिरवा लगदा तूप लावलेल्या पोळीत गुंडाळून माझ्या हातात दिला. "तू दे. तुझ्याकडून घेतो तो." जिमीनं घेतलं. न बघता, नेहमीसारखं. दुसऱ्या दिवशी दोन पानं दिली, तीही गेली. त्या संध्याकाळी त्याला खांबापाशी जरा बरी धार आली आणि आप्पांनी तिसऱ्या दिवशी सकाळी दोन, संध्याकाळी दोन असा हुकूम काढला. शिवाय मला पत्र्याच्या डब्याचं झाकण दिलं. जिमी तंगडी वर करेल तेव्हा ते खाली धरायचं आणि आवाज होतो का ते ऐकायचं. मी ते केलं. कॉलनीच्या रस्त्यावरून, सकाळी क्लासला निघालेल्या पोरांच्या देखत, कुत्र्याच्या मागे झाकण धरून फिरले. हाताला लागलेलं धुऊनही जात नव्हतं असं वाटायचं. आप्पा गॅलरीतून खुणेनं विचारायचे, झाला का आवाज? मी मान हलवून नाही म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जिमीनं पोळी हुंगली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. हुंगली आणि तोंड फिरवून मशीनखाली जाऊन बसला. आप्पा म्हणाले, "औषध आहे, लाड नाहीत. जबडा उघड." मी त्याला बाहेर ओढला, एका हातानं जबडा उघडला, दुसऱ्या हाताच्या बोटांनी तो लगदा जिभेच्या मागे, पार घशाशी लोटला आणि तोंड मिटून धरलं. आप्पांनी सांगितल्याप्रमाणे गळ्यावरून हात फिरवला. तो डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होता. मग गिळल्याचं हाताला कळलं. मी हात सोडला तर त्यानं तो चाटला. एवढं लिहून मी काल उठले होते, आज पुन्हा बसले. त्याच्या त्या चाटण्याची मला त्या वेळी किळस आली, लाळ हिरवी होती म्हणून. हे लपवून काय करू?

चौथ्या दिवशी सकाळी मी उठले ती वासानं. जिमी हॉलच्या मधोमध पडला होता आणि त्याच्याभोवती ओकारीची तीन-चार थारोळी होती, हिरवट, फेसाळ, तारा सुटणारी. मागचे पाय घाणीनं भरलेले. तोंडातून लाळ एकसारखी गळत होती, फरशीवर तिचं तळं झालं होतं. मी फडकं घेऊन बसले. पुसलं की तो पुन्हा ओकायचा, आता नुसतं पाणी, आणि प्रत्येक वेळी त्याचं सगळं अंग पिळवटून निघायचं. माझ्या नखांत हिरवं गेलं. मलाही दोनदा कोरडी ओकारी आली. त्या गोंधळात निकमकाकू आल्या. नाकाला पदर लावून थारोळं ओलांडलं, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "काय झालं वं याला?" आप्पा दाढी करत होते. गालावर साबण तसाच ठेवून ते बाहेर आले, बघितलं आणि म्हणाले, "विकार बाहेर पडतोय. पडू दे." मग काकूंना पानं द्यायला गॅलरीत गेले. त्या माणसाबद्दल, जो माझा बाप होता आणि माझ्यावर माया करत होता, मला त्या क्षणी जे वाटलं त्याला तिरस्कार म्हणणं कमी पडेल. घाण वाटली. खाली जी पडली होती तिच्याहून जास्त.

दहा वाजेपर्यंत जिमीला उभं राहवेना, तेव्हा आई बोलली. ती एरवी आप्पांच्या औषधोपचारात पडत नसे. "रिक्षा बोलवा," एवढंच ती म्हणाली आणि टॉवेल आणून माझ्या हातात दिला. आप्पांनी कपडे बदलले. रिक्षात ते माझ्या शेजारी बसले, जिमी माझ्या मांडीवर. सगळा रस्ता ते बाहेर बघत होते. दवाखाना जवळ आल्यावर म्हणाले, "उगाच फाफटपसारा सांगत बसायचं नाही. विचारतील तेवढंच." मला कळलं.

डॉक्टर पन्नाशीचे, शांत गृहस्थ होते. बाहेर एक गाय बांधलेली होती, तिचं आटपून हात धुऊन आले. जिमीला टेबलावर घेतलं, पापणी खाली ओढून बघितली, हिरड्या बघितल्या, मग नळी छातीला लावून बराच वेळ ऐकत राहिले. भुवया आक्रसल्या. पुन्हा ऐकलं.

"काय खाल्लं यानं?"

"काही नाही," आप्पा म्हणाले. "घरचंच. पोळी, वरणभात. बाहेर फिरायला नेतो तेव्हा रस्त्यात काही तोंडात घेतलं असेल तर माहीत नाही."

"उंदराचं औषध वगैरे ठेवलंय का घरात? कुठली गोळी? झाडपाला?"

झाडपाला हा शब्द त्यांनी उच्चारला. मी तो ऐकला, आप्पांनीही ऐकला. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. विनवणी होती त्या नजरेत. ते डॉक्टरांना म्हणाले, "नाही हो. तसलं काही नाही."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तू बघतेस ना याचं? काही दिलं होतं?"

मी जिमीच्या मानेत हात घालून उभी होते आणि माझी नखं हिरवी होती. ती मी त्याच्या केसांत दडवली. आप्पांची लाज राखायची होती हे खरं, पण तेवढंच असतं तर ही गोष्ट लिहायला सोपी गेली असती. डॉक्टरांनी पुढे विचारलं असतं, कुणी दिलं? आणि त्याचं उत्तर मी होते. मी म्हटलं, "नाही."

त्यांनी सडकं काहीतरी खाल्लं असेल असं धरलं, सलाईन लावलं, ओकारी थांबवायचं इंजेक्शन दिलं. "ठोके मला बरोबर वाटत नाहीत," आम्ही निघताना ते म्हणाले. "काही आठवलं तर लगेच या. वेळ आहे तोवर." आप्पांनी हात जोडले. परतीच्या रिक्षात ते मोकळे झाले होते, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी थांबू का म्हणून मला विचारलं. मी नको म्हटलं. दोन वाजता ते कामावर गेले, आणि रात्री पाळी सुटल्याचा भोंगा वाजला तेव्हा जिमी दारात गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मान उचलत नव्हता. छातीवर हात ठेवला तर ठोका लागायचा, मग लागायचाच नाही, मी श्वास रोखून वाट बघायचे, मग एकदम दोन-तीन भराभर. हॉलमध्ये दरबार भरला होता. आप्पा आत डोकावून म्हणाले, "संध्याकाळपर्यंत बघू, नाही तर उद्या नेऊ." ते वळल्यावर आई पोळपाटावरून उठली, हात पुसले, डब्यातून रिक्षाचे पैसे काढून माझ्या मुठीत दिले. "मागच्या दारानं जा," ती म्हणाली, आणि मग अगदी हळू, "आणि काय ते सांगून टाक."

मी सांगितलं. टेबलावर ठेवायच्या आधीच सांगितलं, किती पानं, किती दिवस, कुटून, गुळात घालून, जबडा उघडून. कुणी, तेही सांगितलं. डॉक्टरांनी मध्येच थांबवून पान कसं असतं ते विचारलं. मी वर्णन केलं, कोंबांचं सांगितलं. ते खुर्चीत बसले.

"या जातीची झाडं चरून गाई-म्हशी दगावतात बाळा. हृदयावर जातं ते. हे तर एवढंसं कुत्रं."

"आम्ही रोज खातो," मी म्हटलं.

"तुम्ही खाता. तुम्हाला मी काय सांगू?" ते म्हणाले. मग जिमीच्या पोटाखाली हात घालून बघितलं. "खडा वगैरे नाही वाटत मला. वय झालेल्या नर कुत्र्यांना होतं असं, लघवीच्या जागी सूज येते. गोळ्यांनी आराम पडतो." मग नळी छातीला लावत ते म्हणाले, "काल सांगितलं असतंस तर पोट धुतलं असतं, कोळशाची पूड दिली असती. काल मी विचारलं होतं तुला."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी जे करायचं ते केलं. इंजेक्शन दिलं, मग आणखी एक. शिपाई टेबलाच्या पायापाशी उभा होता. जिमीची जीभ बाहेर आली होती आणि कडेनं जांभळी पडत चालली होती. मी त्याच्या तोंडाशी हात नेला. तो हुंगायला आला नाही की चाटायला आला नाही, आणि थोड्या वेळानं डॉक्टरांनी छातीवरची नळी काढून गळ्यात अडकवली. शिपाई म्हणाला, "ताई, मागं लिंबाखाली जागा हाय. आमी करतो." मी तिथे थांबले, माती लोटली, आणि टॉवेल घेऊन चालत घरी निघाले. टॉवेल घाण झाला होता, रस्त्यात लोक बघत होते, पण तो टाकून द्यावा असं मला सुचलं नाही.

मी पुढच्या दारानं गेले. सांगायचंच ठरवून गेले होते. अख्खा रस्ता मी वाक्यं जुळवत होते आणि ती चारचौघांत, त्या खुर्चीसमोर उभं राहून म्हणायची होती, वक्तृत्व स्पर्धेत म्हणावीत तशी स्पष्ट. हॉलमध्ये निकमकाकू होत्या, त्यांच्या नात्यातली नवी एक बाई होती आणि प्रेसमधले एक गृहस्थ. स्वयंपाकघराच्या दारात आई, तिच्या हातात उलथनं. माझ्या हातातला रिकामा टॉवेल सगळ्यांना दिसला. आप्पा उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. जिमीवर त्यांचंही प्रेम होतं. हे मी इतकी वर्षं कुणापाशी कबूल केलेलं नाही, कारण ते कबूल केलं की त्यांना निव्वळ वाईट ठरवता येत नाही.

"काय म्हणाले डॉक्टर?" त्यांनी विचारलं.

ते मलाच विचारत होते, आणि त्या लोकांसमोर विचारत होते. मी काय सांगेन याची त्यांना खरोखर कल्पना नव्हती. एवढा मोठा माणूस, भिंग लावून दुसऱ्यांच्या चुका काढणारा, आणि बोटांनी धोतराच्या काठाशी चाळा करत माझ्या तोंडाकडे बघत होता.

"रस्त्यावर काहीतरी खाल्लं म्हणाले," मी म्हटलं.

आईनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि ती आत गेली. आतून पोळी उलटल्याचा आवाज आला. आप्पा हळूहळू खुर्चीत बसले. त्यांच्या खांद्यातला ताण उतरताना मला दिसला आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते इतक्या कृतज्ञतेनं की माझ्या अंगावर काटा आला. आदल्या दिवशीची ओकारी मी हातानं पुसली होती, पण त्या नजरेइतकं ओंगळ काही मी तोवर पाहिलं नव्हतं. तिच्यात मी होते. काकू म्हणाल्या, "मुक्या जनावराला काय कळतंय, दिसंल त्यात तोंड घालतंय." प्रेसमधले गृहस्थ हळहळले. आप्पांनी डोळे पुसले, खाकरले आणि नव्या बाईंकडे वळले. त्यांची हकीकत अर्धवट राहिली होती, कंबरेतून कळ येते आणि पुढे पोटात उतरते, असं त्या सांगत होत्या. आप्पांनी ती पुरी ऐकून घेतली. मग त्यांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला.

"वैशू," ते म्हणाले, "यांना जरा दोन पानं दे गॅलरीतून. मोठी बघून दे."

मी टॉवेल दारामागे टाकला, गॅलरीत गेले, त्यातल्या त्यात मोठी दोन पानं बघून तोडली, नळाखाली धुतली आणि आणून त्या बाईंच्या हातावर ठेवली. "अनशापोटी," मी त्यांना सांगितलं, "आणि थुंकायचं नाही."